बिदरच्या बाजारात एक परदेशी गिऱ्हाईक

२४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवशी मुलांना चार शब्द सांगण्याचे काम शाळेत बहुधा इतिहासाच्या मास्तरांकडे येते. का येते हे मला अद्याप उमगलेले नाही. दुसऱ्या दिवशी नाताळ असल्यामुळे माझे निम्मे चित्त घरातल्या करंज्यांपाशी असते. शिवाय, पावती मागा, वजन पाहा, जाहिरातीला भुलू नका, हा उपदेश मुलांना माझ्याइतकाच पाठ आहे. म्हणून मी त्यांना एका घोड्याची गोष्ट सांगतो. हा घोडा सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी, ऐन नाताळच्या दिवसांत, आपल्या बिदर शहरात विकला गेला.

घोड्याचा धनी अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होता. व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे नगर आहे, तेथला हा रहिवासी. इकडे येण्याचा त्याचा मूळचा बेत मुळीच नव्हता. माल घेऊन तो नदीने खाली निघाला. अस्त्राखानच्या आसपास तार्तारांनी त्याला लुटले. गावी रिकाम्या हातांनी परतावे, तर मागे देणेकऱ्यांचा तगादा. तेव्हा तो पुढेच सरकत गेला. दर्बंद, बाकू, मग इराणातील एकेक शहर आणि अखेर होर्मुझ बंदर. तेथून एका गलबतात घोडा चढवून तो १४७० च्या आगेमागे आपल्या चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. म्हणजे हा गृहस्थ त्याच्याही पंचवीस-तीस वर्षे आधीचा. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना १९५७ सालचा ‘परदेसी’ हा चित्रपट आठवत असेल. ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन मंडळींच्या साहाय्याने काढलेला तो बोलपट याच निकितिनवर होता. मात्र त्यात बाजारभाव कमी आणि गाणी जास्त आहेत.

आता घोडाच का? तर दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नसे. बहामनी सुलतानांचे सारे बळ घोडदळावर आणि घोडे येणार अरबस्तानातून, इराणातून, समुद्रमार्गे. वाटेत कित्येक दगावत. जो जिवंत उतरे त्याला सोन्याचे मोल येई. ही वार्ता निकितिनने कोठेतरी ऐकली आणि जवळचे होते नव्हते ते एका घोड्यात घातले. चौलहून जुन्नरला येईपर्यंत त्या घोड्यापायी शंभर रूबल खर्ची पडले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. जुन्नरला पावसाळा लागला आणि तो अडकून पडला. येथे घोड्याला काय चारतात, हेही त्याने टिपले आहे: हरभरा आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी! कुरणावर चरणाऱ्या जनावराचे दिवस संपून त्याचे पंगतीचे दिवस सुरू झाले होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण निकितिनला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण तिचा अर्थ त्याला तेथे पुरता कळला असावा. त्याचा स्वतःचा खर्चही थोडा नव्हता. हिंदुस्थानात राहायचे म्हणजे गाठीचे संपवायचे, आपण एकटे असूनही दिवसाला अडीच आल्तिन लागतात, असे त्याने नोंदले आहे.

त्यात आणखी एक संकट आले. जुन्नरचा सुभेदार असदखान याने घोडा काढून घेतला आणि निकितिन मुसलमान नाही असे कळल्यावर त्याच्यापुढे अट ठेवली. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. न बदललास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंडही. मुदत चार दिवसांची. शेवटच्या घडीला खुरासानचा एक ख्वाजा मुहम्मद तेथे आला, त्याने मध्यस्थी केली आणि घोडा सोडवून दिला. तो ख्वाजा स्वतः मुसलमान होता, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

हे सारे सुटल्यावर निकितिनने लिहिलेला एक परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. तेथे तो चिडलेला आहे. ज्यांनी त्याला हिंदुस्थानातील मालाच्या सुरस कथा सांगितल्या होत्या त्यांना त्याने सडेतोड शिव्या दिल्या आहेत. सांगणाऱ्यांनी सांगितले होते की आपल्या देशात खपणारा माल येथे रगड मिळतो. प्रत्यक्षात पाहतो तो त्याच्या रशियात नेण्याजोगे येथे काहीच नाही. मिरी स्वस्त, रंग स्वस्त, हे खरे. परंतु स्वस्त कोठे? जुन्नरच्या पेठेत. तो जिन्नस त्वेरच्या पेठेत पोचेपर्यंत जकात किती नाक्यांवर भरायची? एकट्या होर्मुझलाच प्रत्येक जिनसावर दहावा हिस्सा कापून घेतात. समुद्रात चाचे आहेत ते निराळेच. हा सारा हिशेब त्याने मांडला आणि मिरी घेतली नाही.

श्रोतेहो, दुरून डोंगर साजरे एवढेच म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण तसे केल्यास त्या माणसावर अन्याय होईल. घोडा घेताना तो ऐकीव माहितीवर चालला आणि फसला. मिरी घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्याने दुकानातली किंमत आणि घरापर्यंतची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ओळखले. घर सोडून इतका काळ लोटलेला, खिशात थोडके उरलेले, समोर स्वस्त मालाच्या राशी. अशा वेळी न घेण्याचा निर्णय घेणे सोपे नसते. आपण सणाच्या सवलतीच्या दिवसांत दुकानाबाहेर रिकाम्या हातांनी पडून पाहावे, म्हणजे समजेल.

जुन्नरहून महिनाभराची वाट करून तो बिदरला आला. तेव्हाचे बिदर म्हणजे राजधानी. तिसरा मुहम्मदशहा हा विशीतला तरुण तख्तावर होता आणि सारा कारभार महमूद गवान पाहत होता. गवानची पदवी होती मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. ती पोकळ नव्हती. इराणातील गिलान प्रांतातून दाभोळ बंदरात उतरलेला हा मनुष्य आरंभी खरोखरीच व्यापारी होता. त्याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आज अर्धा ढासळलेला असला तरी त्याच्या मिनारावरील रंगीत फरशा आपण पाहतोच. निकितिनने राजवाड्याचे वर्णन केले आहे: सात दरवाजे, प्रत्येक दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून, कोण आत गेला व कोण बाहेर आला हे टिपणारे. आणि बाजार? घोडे, रेशीम, उंची कापड आणि काळे गुलाम. माणसे विकली जात होती हे त्याने ज्या निर्विकारपणे लिहिले आहे, त्याच निर्विकारपणे ते मला सांगता येत नाही. खेड्यांतील माणसे फार दरिद्री आणि सरदार फार श्रीमंत, एवढे मात्र त्याच्या नजरेने हेरले.

आळंदच्या मंडळींनी आता कान द्यावा. निकितिन म्हणतो की बिदरपासून बारा कोवांवर शेख अलाउद्दीन या साधुपुरुषाच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा दहा दिवसांची जत्रा भरते. तेथे साऱ्या मुलखातले लोक येतात, वीस-वीस हजार घोडे विक्रीला आणतात आणि अवघ्या हिंदुस्थानात याच्या तोडीची जत्रा नाही. कोव म्हणजे दहा रशियन वर्स्त, असेही तो सांगतो. हिशेब केला तर हे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या जवळपास येते आणि बिदर ते आळंद या वाटेशी ते चांगले जुळते. हा शेख म्हणजे आळंदचे अलाउद्दीन अन्सारी, ज्यांना आपण सारे लाडले मशायख म्हणतो. कलबुर्गी जिल्ह्यातील ज्या दर्ग्यात आजही मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच रांगेत उभी राहतात, त्याच्या अंगणात कधीकाळी अरबी घोड्यांचा असा बाजार भरत होता! वीस हजार हा आकडा मी अक्षरशः घेत नाही. परदेशी प्रवाशाला गर्दी नेहमी दुप्पट दिसते. तरीपण जत्रा मोठी होती, यात शंका नाही.

ही जत्रा ऑक्टोबरच्या आरंभी भरे. ती होऊन गेल्यावरही निकितिनचा घोडा त्याच्याजवळच होता. तो विकला गेला नाताळात. त्या विक्रीविषयी त्याने लिहिले ते एवढेच, की घोड्यावर आपले अडुसष्ट फनम खर्च झाले आणि वर्षभर त्याला पोसले. किंमत किती आली? मुले हा प्रश्न दर वर्षी विचारतात. निकितिनने ती लिहिलेली नाही. जो मनुष्य रोजच्या जेवणाचा खर्च टिपतो, तो एवढ्या मोठ्या सौद्याची रक्कम का टिपत नाही? मला वाटते, नफा झाला असता तर त्याने लिहिले असते. तोटा लिहून ठेवायला हात धजत नाही. हे मी माझ्या स्वतःच्या घरावरून सांगतो.

माझे आजोबा सीमेवरच्या एका गावात कोरडवाहू शेती करीत. एका वर्षी त्यांनी जत्रेतून देवणी जातीचा खोंड आणला. देवणी म्हणजे आपल्या बिदर, भालकी, उदगीर या पट्ट्याचे भूषण. त्यातले वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार जुन्या माणसाला लांबूनच ओळखता येत. जनावर पारखण्याची रीत ठरलेली असे. आधी दात पाहायचे: आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला. मग खूर, वशिंड, अंगावरचे भोवरे. मग चालवून पाहायचे आणि खरा शहाणा असेल तो औताला जुंपूनही पाहायचा. भाव मात्र उघड बोलला जात नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घेऊन बोटे दाबीत. बघणाऱ्यांना फक्त कापड हललेले दिसे. या पद्धतीत दलालाखेरीज कोणालाच दोन्ही बाजूंचा आकडा ठाऊक नसे. धान्याच्या आडतीतही हाच प्रकार चाले. उघड लिलावाची रीत आणण्यासाठी वऱ्हाडात १८९७ साली आणि आमच्या हैदराबाद संस्थानात १९३० साली बाजारांचे कायदे झाले, तरी कापडाखालचे हात पुढे कित्येक वर्षे निघाले नाहीत.

आजोबांनी दात पाहिले, खूर पाहिले. जुंपून मात्र पाहिले नाही. कारण विकणारा मेहुण्याच्या ओळखीचा होता आणि जुंपून पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे. घरी आल्यावर कळले की खोंड औताला लावला की बसकण मारतो. त्या वर्षीची पेरणी शेजाऱ्याची बैलजोडी मागून उशिरा झाली आणि वर्ष कर्जात गेले. आजोबांनी त्या खोंडाची किंमत अखेरपर्यंत कोणाला सांगितली नाही. ती आम्हांला आजीकडून कळली.

आजीचा हिशेब आजोबांपेक्षा पक्का होता आणि त्याचे कारण सीमा हे होते. आज आपण कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमेविषयी बोलतो. तिच्या तरुणपणी ती सीमा निजामाचे राज्य आणि इंग्रजांचा मुलूख यांच्यामधली होती. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे सोलापुरात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तूर विकायची ती हालीत आणि सोलापुरी लुगडे घ्यायचे ते कलदारात. दुकानदार ‘चौदा रुपये’ म्हणाला की पहिला प्रश्न, कोणते चौदा? हाली असतील तर ते बारा कलदार झाले. कलदार असतील तर सोळा हाली देऊनही भागायचे नाही. बदलून देणारा सराफ मध्ये बट्टा कापणार आणि नाक्यावर करोडगिरीचा शिपाई गाठोडे सोडायला लावणार. निकितिनने होर्मुझच्या जकातीचा केला तोच हिशेब निरक्षर आजी बोटांच्या पेरांवर करीत असे.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. हाली शिक्का पुढे काही वर्षे भारतीय रुपयाच्या जोडीने चालला आणि १९५९ पर्यंत कायमचा गेला. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी व हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. घरोघरी त्याची चर्चा होती. पण बायकांच्या बाजारावर त्याहून मोठा घाला पडला तो पुढच्या वर्षी.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणणार? म्हणून सरकारी तक्त्यात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा भाव बांधून दिला. तक्त्याप्रमाणे पाहिले तर एकेक आण्याची वस्तू सोळा वेळा घेणाऱ्याचे शहाण्णव नवे पैसे जातात. त्याला चार पैशांचा लाभ. पण दुकानदाराने ‘सहा नाही, सात’ म्हटले की तीच खरेदी एक रुपया बारा पैशांवर जाते. मिठाची पुडी, काडेपेटी, विड्याची पाने घेणाऱ्या गरिबाला हे रोज सोसावे लागे आणि एका पैशासाठी भांडायची लाज वाटे. ही लाजच दुकानदाराचे खरे भांडवल होते, असे आजी म्हणे.

लगोलग वजने बदलली. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम आणला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू होत गेला आणि १९६२ मध्ये शेर कायद्याने संपला. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून मोठा खरा, पण किती मोठा? ६७ ग्रॅम, म्हणजे पावणेसहा तोळे. शेराला रुपया भाव असेल तर किलोला एक रुपया सात पैसे द्यावेत, हा सरळ हिशेब. ‘मावशी, आता माप मोठे झाले’ असे म्हणून सव्वा रुपया मागणारे कमी नव्हते. ज्याला पावणेसहा तोळे ठाऊक, तो वाचला. बाकीच्यांचे ‘बाजारात तुरी’ असे झाले. आणि आमच्याकडे तर बाजारात खरोखरीच तुरी असतात!

त्यानंतरची हकीकत आपणांस ठाऊक आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली; १९८६ चा कायदा झाला; १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले; २०१९ मध्ये नवा ग्राहक कायदा आला. कलबुर्गीच्या तूरडाळीला त्याच २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे आता नावाचीच नक्कल होऊ लागली आहे. परवा एका दुकानात मला ‘अस्सल कलबुर्गी’ म्हणून दाखवलेल्या डाळीच्या पोत्यावर दूरच्याच परगण्याचा शिक्का होता. मी तो वाचून दाखवला. दुकानदार हसला आणि मीही हसलो. डाळ मात्र घेतली नाही. अस्सल बिदरी कशी ओळखावी, हे कित्येकजण विचारतात. तो विषय स्वतंत्र आहे, पुन्हा केव्हातरी.

निकितिन दाभोळहून निघाला, पुन्हा होर्मुझ, मग काळा समुद्र. त्वेरला तो पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दरबारच्या एका अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या, म्हणून ही घोड्याची गोष्ट उरली.

आजीची एक वस्तू मी वर्गात नेतो. ते तिचे पितळी मापटे, अर्ध्या शेराचे. पूर्वी धान्य मापून देत तेव्हा मापट्यावर शीग चढवायची की हात फिरवून ते सपाट करायचे, यावर देणाऱ्या-घेणाऱ्यांची रोज हुज्जत होई. घेताना शिगेने घ्यायचे आणि देताना सपाट द्यायचे, असे करणारे सावकार तिने पाहिले होते. मुले आधी तूर सपाट भरून काट्यावर घालतात, मग शीग चढवून. दोन्ही आकडे फळ्यावर लिहितात, वजाबाकी करतात आणि उरलेला फरक, मूठ-दीड मूठ तूर, टेबलावर वेगळा काढून ठेवतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, आजी विकायला बसली की शीग देत होती की सपाट?’ घरी जाऊन मी वडिलांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ओळखीच्यांना शीग.’